हळदीच्या अंगाचा फोटो

आदिलाबाद,
फेब्रुवारी १९५७

प्रिय गया,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून रुसू नकोस. रोज लिहायला बसतो आणि पहिल्याच ओळीपाशी हात थांबतो. तुझी आई म्हणते, लेकीला लिहायचं तर एवढा विचार कशाचा? पण तू विचारलंस ते सोपं नाही गं. किनवटला सासरच्या ओसरीवर फोटोचं दुकान मांडू का, असं तू विचारतेस. बाकी आम्ही बरे आहोत. यंदा कापूस दांडगा आलाय. माझ्या टोपीवर, केसांत, परवा तर ताकाच्या वाटीतसुद्धा सापडला.

परवापर्यंत किनवट आपल्याच जिल्ह्यात होतं. दिवाळीच्या तोंडावर कागदावर रेघ ओढली गेली, तू मुंबई राज्यात गेलीस नि आम्ही आंध्रात राहिलो. आगगाडी तीच, पण तुझी आई आता स्टेशनावर गेली की परदेशी निघाल्यासारखं तोंड करते. मला काळजी जावईबापूंची. सुधाकररावांची तहसिलीतली नोकरी अजून हंगामीच. मुस्तकिल म्हणजे कायम करणार, इकडे धाडणार की घरी बसवणार, कोणी छातीठोक सांगत नाही. उर्दूत दफ्तर लिहून त्यांचं अक्षर वळलं, आता मराठीत लिहितात, इकडे आले तर तेलुगूची पाटी गिरवायची. बेल्लमपल्लीच्या चंपतरावांना मी त्यांच्यासाठी खाणीच्या ऑफिसात शब्द टाकायला सांगितलं होतं. तर तू कळवलंस, कोळशाच्या धुळीनं यांचा दमा उसळेल. तेही खरंच. पण अशा वेळी घरातल्या एकाचा तरी पाय घट्ट रोवलेला हवा. त्यांचा पाय आधीच डळमळतोय, आणि तू तुझाही उचलायला निघालीस.

मी या धंद्यात जन्म काढला म्हणून सांगतो. मला हे कोणी शिकवलं नाही, चुकत चुकत शिकलो. लग्नसराईत जेवायला सवड नसायची आणि पावसाळ्यात कॅमेऱ्यावर कापड घालून दारात बसायचो. तू शाळेतून आलीस की आधी माझ्या तोंडाकडे बघायचीस. आज गिऱ्हाईक आलं की नाही, हे तुला न विचारता कळायचं. तसं तुझ्या पोरांनी तुझ्या तोंडाकडे बघावं, हे मला सोसवत नाही.

तरी लिहायला बसलं की मथुराबाईच आठवतात. त्यांच्या बोथ तालुक्याकडच्या गावांची रीत तुला ठाऊक आहे. लेक सासरी निघायच्या आधी हळदीच्या अंगानं आईच्या दारात उभी करायची, एक फोटो काढायचा आणि तो माहेरीच ठेवायचा. मथुराबाईंच्या थोरलीचा तसा फोटो मी काढून दिला. आपल्या स्वस्त फिल्मला हळदीचा पिवळा नि कुंकवाचा लाल सोसत नाही, दोन्ही काळवंडून येतात. बाईंनी फोटो हातात धरला आणि मला म्हणाल्या, "नागोराव, माह्या सोन्यासारख्या लेकीले तुमी काऊन काळं केलं?" भांडल्या नाहीत, नुसतं एवढंच. फोटो मात्र पदराखाली धरून नेला. त्यानंतर हळदीच्या फोटोला मी नवरीचं तोंड धुवायला लावायचो. बाया नाराज व्हायच्या. धुतल्या तोंडाची नवरी आईला काय कामाची?

मग मथुराबाईंच्या धाकटीचं लग्न निघालं, आणि तू लिमलेटच्या गोळीचा पिवळा, आरपार दिसणारा कागद भिंगापुढे धरलास. मी म्हटलं, पोरखेळ आहे, फिल्म वाया जाईल. तू ऐकलं नाहीस. कागदामुळे उजेड कमी पडतो म्हणून तू नवरीला श्वास धरून जास्त वेळ उभी केलीस. आणि तिनंही पदर मागं सारून सरळ तुझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे त्या गावातल्या एकाही बाईनं कधी तसं पाहिलं नव्हतं. फोटोत हळदीचं तोंड उजळ आलं. तुझ्या लग्नात तोच कागद लावून मी तुझा फोटो काढला. आई त्याला रोज पदरानं पुसते.

तुझ्या सासूबाई काय म्हणतील, याची मला धास्ती आहे. भागाबाई मनानं वाईट नाहीत, पण चारचौघांत सून कॅमेऱ्याची तिपायी घेऊन उभी राहिली तर लोक त्यांनाच टोचतील. म्हणून पहिला फोटो त्यांचा काढ. चांगलं लुगडं नेसव, हनुवटी जरा वर ठेव, गळ्याच्या सुरकुत्या सावलीत जाऊ देत. फिल्म धुताना विहिरीचं पाणी दोनदा गाळून घे. पावसाळ्यात फिल्मचा डबा चुलीजवळच्या फळीवर ठेव, नाहीतर बुरशी धरते. आणि हसू नकोस, मला ठाऊक आहे मी नको म्हणायला बसलो होतो.

आता जे एवढे दिवस लिहवलं नाही ते लिहितो. हे पत्र घेऊन डोमाजीमामा येतोय, त्याच्याजवळ लाकडी पेटी आहे. ती त्यानं मांडीवर धरून आणावी, खाली ठेवू नये, असं बजावलंय. आत कॅमेरा आहे, तिपायी वेगळी बांधली आहे, आणि तुझा पिवळा कागद माझ्या जुन्या टोपीच्या घडीत घालून पेटीतच ठेवलाय. दुकान मी संक्रांतीलाच बंद केलं. सरकी काढायच्या जिनातल्या गोदामावर कापूस वजन करून घ्यायला लागलोय, हंगाम संपला तरी गोदामाची राखण असते, काम बारमाही आहे. टोपीवरचा कापूस तिथला. या वयात दुसऱ्याच्या घंटेवर उठणं जड जातं, खोटं कशाला बोलू? पण आपल्या दोघांपैकी एकाला पक्की भाकरी हवी होती, आणि हळदीच्या अंगाची नवरी माझ्याकडे बघत नाही, तुझ्याकडे बघते. धंदा नाही चालला तर लाजू नकोस, इकडे कळव. हा पगार त्यासाठीच धरलाय. जावईबापूंना हे आत्ताच सांगू नकोस, त्यांचं मन आधीच हळवं झालंय. आईला मात्र कळलंय. काल माझा हात नाकाशी धरून म्हणाली, फोटो धुवायच्या औषधांचा वास गेला हो, आणि मग बराच वेळ तिनं तो सोडला नाही.

पेटी नीट पोचली एवढं कळव.

तुझाच वेडा बाप,
नागोराव