दाढीच्या डब्यातली पुडी

अहो,

सकाळी पाळीवरून याल तेव्हा घराला कुलूप दिसेल, किल्ली शेजारी बेबीताईंकडे आहे. मी आईंना घेऊन ओमतीला इंदूमावशींकडे चालली आहे. पोळ्या-भाजी झाकून ठेवली आहे.

काल ब्लेड शोधताना तुमच्या दाढीच्या डब्यात बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या वैद्यांची पुडी सापडली. ‘पुरुषांच्या अशक्तपणावर’ असं वर छापलेलं वाचलं आणि आधी हसली, मग थोडी रडलीही. दोन महिने तुम्ही पाठ करून झोपता. मला वाटून राहिलं होतं, मीच आता आवडत नाही! काहून नाही सांगितलं?

लढाई लागल्यापासून फॅक्टरीत बारा-बारा तास तोफगोळे भरून राहिले तुम्ही. अशा थकव्यावर कोणती मुळी चालणार? वरून तुमच्या पोटातली ती जळजळ वेगळीच, ती या पुडीनेच होत असेल. पुडी फेकली नाही, पण आज घेऊ नका. मंगळवारी दोघं डॉक्टरांकडे जाऊ. मी बोलेन, तुम्ही नुसते बसा.

चलो, आता जेवून झोपा. आई संध्याकाळपर्यंत मावशींकडेच राहणार आहेत. मी मात्र बारालाच परत येते. आतून कडी लावू नका.

विभावरी