मांजराला मारलेली हाक

आई,

इथूनच तुझ्या पाया पडतो. मी मजेत आहे, दोन्ही वेळ पोटभर जेवतो.

या बेटावरचे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात आणि मोकाट मांजरं ती फस्त करतात, म्हणून आम्ही मांजरांसाठी पिंजरे लावतो. यंदा सतरा पिल्लं उडाली!

काल एक मांजर पिंजऱ्याच्या दारात अडून बसली. तू आपल्या मनीला बोलावतेस तसं मी सहज म्हटलं, "ये गं बाई, ये." ती शेपूट उभारून सरळ आत गेली. कुणीतरी पाळलेली असणार. पकडलेल्या मांजरांचं पुढचं जनावरांचे डॉक्टर बघतात, मी विचारत नाही.

मनी अजून माझ्या उशीवर झोपते का? तुझा गुडघा कसा आहे?

आणि फोनवर मला त्या सुरात "ये रे" म्हणू नकोस. मीही काम टाकून सरळ निघून येईन.

तुझाच,
धाकटा