व्हॉल्व्ह उघडण्याआधी

प्रिय धाकट्या,

तू रुसलायस असं आईने सांगितलं. विमानातून उतरताना दारात उभ्या असलेल्या ताईने तुझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही म्हणे. रुसायची तुझी हौस जुनीच, पण या वेळी कारण सांगायला हवं.

उजवं इंजिन बंद करावं लागलं, हे कॅप्टननी सगळ्यांना सांगितलंच होतं. एका इंजिनावर विमान उतरतं, त्याचं एवढं काही नाही. पुढचं मात्र कुणी सांगितलं नाही. डावं इंजिन आपल्या बाजूच्या टाकीतलं इंधन पीत राहिलं, उजवा पंख भरलेलाच राहिला आणि विमान उजवीकडे कलायला लागलं. अशा वेळी दोन्ही बाजूंच्या टाक्या जोडणारा मधला व्हॉल्व्ह उघडला की चालू इंजिनाला भरलेल्या टाकीतलं इंधन मिळतं. कॅप्टनचा हात सवयीने त्या बटणावर गेलाही. पण आमच्यात रीत अशी, की शेजारच्या वैमानिकाने ‘हो’ म्हटल्याशिवाय ते बटण दाबायचं नाही. आणि मी ‘हो’ म्हणेना.

डाव्या टाकीचा आकडा मला जरा जास्तच भरभर उतरतोय असं वाटत होतं. ती टाकी गळत असेल, तर व्हॉल्व्ह उघडल्यावर भरलेली बाजूही त्याच वाटेने जाणार. गच्चीवरच्या दोन टाक्या जोडल्या की एकीची गळती दोघींना भोवते, तसंच. मग चालू इंजिनही गप्प. कॅप्टन चांगलेच उखडले; कललेलं विमान हाताने सावरून धरणं काही गंमत नव्हे. निघताना किती होतं, जळलं किती, उरलं किती, मी मांडून पाहिलं आणि पुन्हा एकदा पाहिलं. जुळलं. गळती नव्हती, माझ्याच मनाचे खेळ. मी ‘हो’ म्हटलं, हळूहळू दोन्ही पंख सारखे झाले आणि जीव भांड्यात पडला. उतरल्यावर मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तू नव्हेस, तुला मी ओळखते.

मी अडून बसले तेव्हा कॅप्टननी विचारलं होतं, मागे प्रवाशांत माझं कुणी आहे का. मी नाही म्हणाले. हो म्हटलं असतं, तर माझी शंका म्हणजे बहिणीची घाबरगुंडी ठरली असती. आणि दारात तुझ्याकडे पाहिलं असतं, तर गणवेशातच हुंदका फुटला असता. आता घरी आहे, पोटभर रडून झालंय, फार हलकं वाटतंय. कॅप्टनना नंतर खरं सांगून टाकलं. तर ते म्हणाले, त्यांची बायकोही मागेच बसली होती, म्हणून तर त्यांना घाई झाली होती. दारात त्यांनीही तिच्याकडे पाहिलं नव्हतं. तेव्हा रुसवा सोड आणि ये, भांडायला का होईना, पण ये. मला तुला नीट बघायचंय.

तुझीच,
तोंड फिरवलेली ताई