आठाचा फासा

अप्पा, तुमच्यावरचा माझा एक जुना संशय परवा फिटला आणि त्याच्या जागी लगेच दुसरा येऊन बसला, म्हणून लिहायला घेतलंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की राजाजीनगरातल्या आपल्या रस्त्यावरचे तुमचे विद्यार्थीसुद्धा आता म्हातारे होऊन मुलांकडे राहायला गेलेत. मी मात्र आहे तिथेच, त्याच घरात, आईबरोबर. आणि संशयी होते तशीच आहे. दूधवाल्याने माप नीट भरून दिलं तरी मला वाटतं, आजच का भरलं? आई म्हणते हा गुण तुमच्याकडून आला. गणिताच्या तासाला चुकलेल्या मुलाला तुम्ही सोडून द्यायचात आणि बरोबर उत्तर देणाऱ्यालाच फळ्यापाशी उभं करायचात.

ते लाकडी फासे आठवतात ना? धाकटीचं आणि माझं कशावरूनही जुंपायचं, खिडकीची जागा कुणाची, नारळ कुणी खवायचा. मग तुम्ही सुताराकडून दोन जोड्या करून आणल्या. माझी काळसर शिसवीची, साधी, दोन्ही फाशांवर एक ते सहा. धाकटीची फणसाच्या पिवळ्या लाकडाची, आणि तिच्यावरचे आकडे मात्र भलतेच. एका फाशावर एक, दोन, दोन, तीन, तीन, चार. दुसऱ्यावर एक, तीन, चार, पाच, सहा आणि आठ. जिची बेरीज मोठी ती जिंकली. दोन्ही फाशांवर सारखा आकडा आला, म्हणजे जोड पडली, तर आणखी एकदा टाकायचं आणि बेरजेत बेरीज मिळवायची. हा कायदाही तुमचाच. मी पहिल्या दिवसापासून त्या आठाकडे बघत होते. माझ्याकडे सहाच्या वर काही नाही आणि तिच्याकडे आठ? 'वेगळे केले म्हणजे अदलाबदल होणार नाही, भांडण नको,' असं तुम्ही म्हणालात. नुसती अदलाबदल टाळायची तर लाकडाचा रंग पुरला असता, अप्पा.

मग ते पुण्याचं आलं. आत्याने कळवलं, एका पोरीची सोय होईल, कॉलेजला पाठवा. माझी बारावी झाली होती, तिची दहावी. तुम्ही फासे काढलेत. माझी बेरीज सात. तिने टाकले, एकावर तीन आणि दुसऱ्यावर आठ. तो आठ मला आजही दिसतो, जमिनीवर पडलेला, बाकीचे ठिपके एकीकडे आणि तो एकीकडे. ती पुण्याला गेली, तिथेच शिकली, तिथेच संसार मांडला. मी इथे. तिला सोडायला तुम्ही निघालात त्या सकाळी स्वयंपाकघरात तुम्ही कॉफी गाळत उभे आहात आणि मी दारातून म्हणते आहे, 'तुम्हाला तिलाच पाठवायचं होतं. फासे कशाला मधे घातलेत?' तुम्ही मागे वळूनही बघत नाही. 'संशय घ्यायचा असेल तर मांडणी करून घ्यावा,' म्हणता. 'आधी सगळ्या बेरजा मांड, मग माझ्यावर आरोप कर.' मला इतका राग येतो की मी ती कॉफी पीत नाही. बेरजा मी मांडल्या नाहीत. मला वाटलं, गुन्हेगारच मला पुरावा शोधायला लावतोय.

आता मागच्या आठवड्याचं सांगते. धाकटी आली होती. आईला कायमचं पुण्याला न्यायचं म्हणते. 'अक्का, तू किती वर्षं केलंस, आता मला करू दे,' असं गोड बोलणं. गोड बोलण्याने मी जास्तच सावध होते. आईशिवाय या घरात मी काय करायचं, हे तिला विचारावंसं वाटलं नाही. मी नाही म्हटलं, तिने पुन्हा म्हटलं, आणि मग ती हसत म्हणाली, 'अप्पांचे फासे आहेत ना अजून? रविवारी टाकूया. आपली पद्धत.' मला पाणी मुरताना दिसलं. आपली पद्धत म्हणे! आठ तिच्याकडे.

मी होसकोटेला एका खेळण्यांच्या कंपनीत आहे. खोक्यात सोंगट्या, पट, फासे बरोबर गेले की नाही हे बघायचं माझं काम. तिथे खेळ तयार करणारी एक मुलगी नवीन आली आहे, पुण्याचीच. तिच्या एका खेळात असेच विचित्र आकड्यांचे फासे आहेत. जेवणाच्या सुट्टीत मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, यांच्या बेरजांचा अंदाज कसा काढतात. ती म्हणाली, 'सिम्पल आहे मॅम. सहा बाय सहाचा ग्रिड काढायचा. एक फासा वर, एक बाजूला, प्रत्येक चौकोनात बेरीज. कुठली बेरीज किती चौकोनांत येते ते मोजायचं, बस.' मी पाठकोऱ्या कागदावर आधी माझी जोडी मांडली, मग धाकटीची. छत्तीस चौकोन इकडे, छत्तीस तिकडे. माझ्याकडे सात ही बेरीज सहा ठिकाणी येते. तिच्याकडेही सहा ठिकाणी. अकरा माझ्याकडे दोनदा, तिच्याकडे दोनदा. दोनपासून बारापर्यंत एकूण एक बेरीज तंतोतंत सारखी. मी तीनदा ताडून बघितलं. माझा स्वतःवरही विश्वास नाही, तुम्हाला माहीत आहे. डब्यातला भात तसाच राहिला. इतकी वर्षं मी ज्या आठाला शिव्या घातल्या त्याने काहीच केलं नव्हतं. त्याच्या जोडीदाराचे आकडे लहान होते, तेवढंच.

त्या मुलीने कागद बघितला. 'अरे, ही जोडी माहितीय मला. बेरजांना काहीच फरक पडत नाही. पण डबल्सचा काही रूल आहे का तुमच्यात?' मी सारख्या आकड्यांच्या जोड्या मोजल्या. माझ्या फाशांत सहा. धाकटीच्या फाशांत एक-एक एकदा, तीन-तीन दोनदा, चार-चार एकदा. चारच. म्हणजे पुन्हा टाकायची संधी तिच्यापेक्षा मला जास्त. अप्पा, फासे झुकलेले होते, आणि ते माझ्या बाजूने होते.

रविवारी जेवणं झाल्यावर धाकटीने फासे काढले आणि पिवळी जोडी माझ्या हातात ठेवली. 'आज तू माझे घे, अक्का. लहानपणापासून तुला हेच हवे होते, मला काय कळत नव्हतं?' मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. हिला माहीत आहे, की ही खरंच देते आहे? तिच्या डोळ्यांत काही सापडलं नाही. मग मी तो कागद आणून तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं, बेरजांचं आणि जोड्यांचंही. ती बराच वेळ बोटाने चौकोन मोजत होती. मग हळू आवाजात म्हणाली, 'म्हणजे अप्पांना तुला ठेवायचं नव्हतं. मला पाठवायचं नव्हतंच. त्यांना तू जायला हवी होतीस.' तिचा चेहरा बघून मला धस्स झालं. स्वयंपाकघराच्या दारात मी अशीच उभी असेन.

तेवढ्यात आई कॉटवरून म्हणाली, 'काय करायलाय ग दोघी? मला फाशावर लावायच्या आधी स्वल्प मला पण विचारा की.' मी विचारलं. तिने माझ्याकडे न बघता धाकटीकडे बोट केलं. 'हिच्याजवळ मी कधी राहिलेच नाही. सोळा वर्षांची पोर लावून दिली आम्ही. आता जाते.' मी सरी, ठीक आहे, म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आत जाऊन तिची लुगडी घड्या घालायला काढली आणि तिथे पोटभर रडले. काल त्या गेल्या. घर इतकं शांत आहे की मला त्या शांततेचाही संशय येतो.

निघताना धाकटीने जिन्यात मला धरून विचारलं, 'अप्पांनी मुद्दाम केलं असेल का ग?' मी म्हटलं, 'छे, बेरजा जुळल्या म्हणून खूश झाले असतील. जोड्या मोजायच्या राहून गेल्या असतील, त्यांच्या लक्षातच आलं नसेल.' तिला ते पटलं, किंवा तिने पटवून घेतलं. चेहरा निवळला तिचा. म्हणून तुम्हाला लिहिलेला हा कागद फाडणार आहे. तिच्या हाती लागायला नको. कारण तुमच्या हातून छत्तीस चौकोनांतल्या जोड्या मोजायच्या राहतील, यावर माझा क्षणभरही विश्वास नाही.