कोरड्या गालाचं माप

आई, तुझी ती बंगल्यातली मुलगी आज माझ्या पार्लरमध्ये आली होती. तुंगार्लीच्या बंगल्यातली, तोंडभर पुटकुळ्यांची, जिच्यासाठी तू तव्यावरची भाकरी माझ्या भरवशावर सोडून गाडीला पळायचीस, तीच. आता मुलगी कसली, चाळिशी ओलांडलेली बाई आहे, केसांना रंग लावते. पण दार ढकलून आत आली आणि मी तिला लगेच ओळखलं. जिच्यावर इतकी वर्षं मनातल्या मनात डूख धरला, तिचा चेहरा विसरणार कसा? "बसा" म्हटलं, पाणी दिलं, हसलेसुद्धा. पोटात मात्र दुखायला लागलं, शाळेत असताना दुखायचं तसंच. तू गेलीस त्याला एक जमाना झाला, मला स्वतःचं दुकान झालं, पण हे दुखणं काही जात नाही. ते तुझ्याशिवाय सांगणार कुणाला, म्हणून टॉवेल वाळत टाकून लिहायला बसले आहे.

आपलं कामशेतचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तू स्टोव्हपुढे, मी पाटावर, दप्तर शेजारी. तू एका हाताने भाकरी फिरवतेस आणि तोंडाने मला हाकलतेस, "ए बये, त्वांड धुतलंस का न्हाई? साबन लाव, निस्तं पानी नगं." साबण म्हणजे मोरीतली ती लाल वडी. त्याच वडीने पाय, त्याच वडीने तोंड, आणि बोअरचं पाणी इतकं जड की फेस म्हणून यायचा नाही. थंडीत पवनेकडून वारा सुटला की माझे गाल तडतडायचे, ओठांच्या कडेला पांढरे पापुद्रे सुटायचे. तू बघायचीस आणि म्हणायचीस, "त्याल लाव." मग डबा उचलून लोणावळ्याला, दिवसभर परक्या बायकांचे गाल मऊ करायला. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी रोज आरशात बघायचे.

बाजारातल्या त्या पार्लरमध्ये तू आधी टॉवेल धुवायला लागलीस. मग मालकीणबाईंनी, आपण त्यांना मॅडम म्हणायचो, तुझा हात पाहिला आणि चेहऱ्यांचं काम तुला दिलं. सुट्टीच्या दिवशी पोरीला घरी एकटी कशी ठेवायची म्हणून तू मला सोबत न्यायचीस आणि फुलाफुलांच्या पडद्याबाहेर स्टुलावर बसवायचीस, घड्या घालायला. पडद्याआड खुर्ची, खुर्चीत ती. मला दिसायचं काही नाही, ऐकू मात्र यायचं. पडद्याआड तू वेगळीच बाई व्हायचीस. तिथे तुझं 'न्हाई' जाऊन 'नाही' यायचं. "पाणी कोमट आहे ना बेटा? चटका नाही ना बसत? घासायचं नाही हं, चेहरा आहे तो, पातेलं नाही." बेटा! मला जन्मात कधी बेटा म्हणाली नाहीस. तिला तू शांतपणे समजावायचीस की तेलकट तोंड सारखं धुतलं म्हणजे ते सुधारत नाही, उलट चिडतं, सकाळ-संध्याकाळ पुरे. जेल आधी तळहातावर फेसून घ्यायचं, कपाळ, नाक, हनुवटी पहिल्यांदा, उरलेलं गालांना. टॉवेलने टिपायचं, ओढून पुसायचं नाही. मधेच ती हसायची, मग तूही हसायचीस, नळ सुरू व्हायचा आणि पुढचं मला काही कळायचं नाही. मी टॉवेलाची घडी इतकी आवळायचे की मॅडम म्हणायच्या, "अगं, पिळतेस की घडी घालतेस?"

मॅडमच्या फळीवरच्या बाटल्या मला पाढ्यांसारख्या पाठ होत्या. हिरवी तेलकट कातडीची. पांढरी कोरडीची, दुधासारखी, तिला फेस नाही. आणि एक बिनवासाची, जराशाने लाल होणाऱ्या नाजूक चेहऱ्यांसाठी. काही चेहरे मिश्र असायचे, त्यांच्या कपाळाला हिरवी आणि गालांना पांढरी. कुणाला काय लावायचं ते तू ठरवायचीस, कुणाला किती वेळ द्यायचा तेही. सगळ्यात जास्त वेळ त्या हिरव्या बाटलीवालीला. मी माझ्या डोक्याने अर्थ काढला, की आईचा हात हवा असेल तर चेहरा तेलकट पाहिजे. मग काय, शाळेला निघताना रोज तोंडावर खोबरेल थापायला लागले. वर्गातल्या पोरी नाक मुरडायच्या. पण माझे गाल इतके कोरडे, की दुपारपर्यंत सगळं पिऊन टाकायचे. एक पुटकुळी उठेल तर शपथ! शेवटी एका सुट्टीत हिरवी बाटलीच दप्तरात घालून घरी आणली आणि मोरीत बसून पुन्हा पुन्हा तोंड धुतलं. कातडी कशी करकरीत झाली, बोट फिरवलं तर आवाज येईल अशी. मला वाटलं, जमलं. सकाळी उठले तर गाल लालबुंद, आणि जांभई द्यायला गेले तर ओठाशी चीर पडली.

तू बाटली बघितलीस आणि तुझा पारा चढला. "पारलरची वस्तू घरी आनायची न्हाई, कितींदा सांगितलं? आन् ते तेलकट कातडीचं हाय, कारटे. तुझी आधीच ढेकळावानी कोरडी!" तू ओरडत होतीस आणि मी वाट बघत होते. आता तरी बसवशील. पडदा नको, खुर्ची नको, मोरीच्या कट्ट्यावर बसवशील आणि कोमट पाण्याने माझं तोंड धुशील. तू दुधावरची साय वाटीत काढलीस, माझ्यापुढे सरकवलीस आणि म्हणालीस, "लाव तुझी तू. मला गाडी हाय." शनिवार होता. शनिवारी ती हमखास यायची.

पण चपला घालता घालता तू वाकलीस आणि उजव्या हाताच्या बोटांची मागची बाजू माझ्या गालाला लावलीस, कानाच्या खाली, जिथे एरवी तुझी चापट बसायची तिथेच. रोज निघताना तू असं करायचीस. लहान होते तेव्हा वाटायचं, ताप बघतेस. मोठी झाल्यावर वाटायला लागलं की हा आपला दोघींचा निरोप आहे. तिला बेटा मिळालं, कोमट पाणी मिळालं, तुझे शनिवार मिळाले. हे एवढं मात्र तिला नव्हतं. बाहेरच्या कुणालाच नव्हतं. तुझ्या माघारी मी या एका गोष्टीवर दिवस काढले, आई.

तू गेलीस तेव्हा माझी बारावी नुकतीच झाली होती. मॅडमनी तुझी जागा मला दिली, म्हणजे तुझं काम मी शिकले ते तुझ्याकडून नाहीच. त्यांनी मला टिश्यू पेपरची पद्धत दाखवली. साध्या पाण्याने तोंड धुवायचं, टिपायचं, थोडं थांबायचं, मग कागद टेकवून तेल कुठे कुठे उमटतं ते बघायचं. तुझ्या जुन्या बायका खुर्चीत डोळे मिटून म्हणायच्या, "हात अगदी आईसारखा गं." ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटायचं नाही. माझ्या आईचा हात कसा होता हे सगळ्या लोणावळ्याला ठाऊक, आणि मला ते परक्यांनी सांगायचं! आता बाजारामागच्या गल्लीत माझं स्वतःचं पार्लर आहे. तळेगावच्या कॉलेजच्या पोरी मोबाईल नाचवत येतात, काचेसारखी त्वचा पाहिजे म्हणतात. कुणी लिंबू चोळून आलेली असते, कुणी मैत्रिणीला मानवलं म्हणून तेच फेसवॉश घेऊन. मी त्यांना सांगते, मैत्रिणीची चप्पल तरी बसते का पायाला? आणि सांगते, चेहरा आहे तो, पातेलं नाही. पडद्याबाहेर बसून ऐकलेलंच विकते मी.

तर ती आली. वडिलांचा बंगला विकायला काढलाय, त्यासाठी आली होती. मॅडमच्या पार्लरच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, तिथे तिने चौकशी केली आणि कुणीतरी तिला, तुझी मुलगी म्हणून, माझ्याकडे धाडलं. खुर्चीत बसल्या बसल्या तिने पर्समधून हिरवी बाटली काढली. "कंपनी बदलली, पण जेल तेच, तेलकट त्वचेचं. ताईंनी सांगितलं होतं, दुसरं काही लावू नकोस." ताई म्हणजे तू. मी तिचा चेहरा दिव्याखाली घेतला. गाल ताणलेले, नाकाच्या बाजूला लाली, ओठांच्या कडेला पापुद्रे. विचारलं, "धुतल्यावर ओढल्यासारखं होतं का?"

"होतं ना. मला वाटतं तेव्हाच स्वच्छ झालं."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. म्हटलं, "हे आजपासून बंद करा. वय वाढतं तशी कातडी कोरडी पडत जाते. आईने सांगितलं ते तेव्हाच्या चेहऱ्याला. आता हे तुम्हाला सोसत नाही." तिचं तोंड पडलं. बाटली हातात फिरवत म्हणाली, "मी तर त्यांची आठवण म्हणून..." आणि थांबली. तुझा शब्द मी तिच्याकडून काढून घेतला होता, धंद्याचा धर्म पाळून, राजरोस. पण माझा आनंद काही टिकला नाही. पांढरी बाटली काढायला फळीकडे वळले आणि डोक्यात आलं, आधी तुला नेलं, आता बाई माझी कातडीही घेऊन आली.

खात्री करावी म्हणून टिश्यू हातात घेतला, तर ती म्हणाली, "ताईंसारखं बोटांनी नाही बघत तुम्ही?"

"बोटांनी कसं?"

तिने आपल्याच हाताची बोटं उलटी केली आणि कानाच्या खाली टेकवली.

माझ्या हातातला कागद हातातच राहिला. विचारलं, "तुम्हालाच करायची असं?" "छे, सगळ्यांना. माझ्या आईलासुद्धा. त्यावरूनच ठरवायच्या ना, कुठली बाटली." म्हणजे दारातला आपला निरोप म्हणजे तुझ्या कामाची रीत! येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गालाला तू तेच देत होतीस, आणि मी वेडी ते एकटीचं समजून जपून ठेवत होते. कधी कुणा गिऱ्हाइकाला मी तसा हात लावला नाही, का, तर ते घरचं आहे. त्या घटकेला तू समोर असतीस तर तुझ्याशी कडाकडा भांडले असते.

तिला यातलं काय कळणार! ती आपली हसत सांगत होती. "आणि हात लावला की काहीतरी पुटपुटायच्या. मला आधी वाटायचं मंत्र म्हणतात. मग एकदा नीट ऐकलं. 'माझ्या पोरीपरीस लय नरम.' माझं नेहमी तेच. माझ्या आईला म्हणाल्या होत्या, 'आलाय माझ्या पोरीच्या जवळ, पन तेवढा कोरडा न्हाई.' आम्ही दोघी घरी जाऊन हसायचो. सगळ्या लोणावळ्याला त्या तुमच्या गालाने मोजायच्या." न्हाई. अगदी तुझ्या तोंडचं न्हाई, जसंच्या तसं. म्हणजे तेही तिला दिलं होतंस. नळाच्या आवाजात मला ऐकू यायचं नाही ते हे.

दुसरी कुणी असती तर गहिवरली असती. मी आधी त्या 'न्हाई'साठीच जळले. दुपार सरली तेव्हा कुठे बाकीचं डोक्यात शिरलं. रोज सकाळी माझा गाल बोटांवर घेऊन तू गाडी पकडायचीस आणि दिवसभर दुसऱ्यांचे गाल त्याच्याशी ताडून बघायचीस. म्हणजे पहिला गाल माझाच होता. चांगलं आहे. पण मला माप व्हायचं नव्हतं गं, मला त्या खुर्चीत बसायचं होतं. हे तुला तेव्हा सांगता आलं नाही, आता सांगून कुठे पोचणार? हा कागद काही टपालात पडायचा नाही.

एक तेवढं सांगते आणि उठते. ती म्हणाली, "एकदा ताईंसारखं बघा ना." मी बघितलं. बोटं उलटी करून तिच्या कानाखाली टेकवली. गाल गरम होता, खरखरीत होता, साय लावायच्या आधी माझा होता तसाच. तिने डोळे मिटले होते. तिला पांढरी बाटली दिली, फेस येत नाही म्हणून जास्त घेऊ नका, कोमट पाण्याने काढा, चेहरा ओलसर आहे तोवर क्रीम लावा, सगळं खरं खरं सांगितलं. त्यात कसूर केली नाही. मग पुन्हा डोळे मिटून ती म्हणाली, "आत्ता ताई असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

मला माहीत होतं तू काय म्हणाली असतीस. 'अक्षी माझ्या पोरीवानी.' तेवढं ऐकायलाच ती आली होती बहुतेक.

मी म्हटलं, "काय माहीत."