सगळ्यांत जोरात टाळ्या

डेटन, ओहायो
मे २००९

लाडक्या जेरी,

तू इतकी वर्षं विकलेल्या सॅटर्न गाड्या बंद होणार हे पेपरात वाचलं, तेव्हा मला राग आला नव्हता. कंपन्या बुडतातच.

पण ईस्टरच्या जेवणात तुझी बायको सहज म्हणाली, "याला आधीच वास लागला होता हो! ऑक्टोबरातच समोरच्या जपानी शोरूममध्ये नोकरी पक्की करून आला." बटाट्यांचा वाडगा माझ्या हातात तसाच राहिला.

त्याच ऑक्टोबरात तू मला दुसरी सॅटर्न विकलीस. "ताई, कंपनी कुठं जात नाही आणि मीही नाही. सख्ख्या बहिणीला टोपी घालीन का?" मग तुमच्या रिवाजाप्रमाणे सगळे विक्रेते माझ्याभोवती जमले, किल्ल्या दिल्या, टाळ्या वाजवल्या. सोळा वर्षांपूर्वी पहिल्या गाडीच्या वेळी मी रडले होते, तशीच याही वेळी रडले. सगळ्यांत जोरात टाळ्या तुझ्या होत्या.

कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर सांगायच्या, लपवलेलं खरं हेही खोटंच.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. ईस्टरपासून तू दर रविवारी फोन करतोस आणि मी फक्त हवापाण्याचं बोलते. का, ते तू एकदाही विचारलं नाहीस. म्हणजे तुला ते ठाऊक आहे.

तुझीच,
लोरेटा