मस्कतला निघालेले पन्नास नग

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
६ एप्रिल २०२५

ती. आबांस,
सुकेशनीचा शि. सा. न. वि. वि.

पिशोरच्या डोंगरात रेंज नाही, म्हणून कडूबाच्या जीपसोबत हे पत्र आणि आमच्या कारखान्यातली पॉवर बँक पाठवते. मी दिलेल्या फोनच्या पाठीला लावा. चुंबकानं चिकटते, वायरीविना चार्जिंग होतं. मस्कतच्या एका व्यापाऱ्यानं पाचशे नग मागितलेत. तिथं माणसं दिवसभर बाहेर कामावर असतात, माल आवडला तर शेजारच्या देशांतही खपेल, असं तो म्हणाला. तीन वर्षं मला परदेशी पत्त्याची खोकी स्वप्नात दिसतायत. मेंढरांमागं हिंडताना वापरून बघा, अन् खरं ते कळवा.

आईला नमस्कार. लेकीवर माया असू द्या.
सुकेशनी

पिशोरजवळ, माळावरचा मुक्काम
१५ एप्रिल

चि. सुकेशनीस,
आबाचे अ. उ. आ.

यंत्र लई गोड हाय. लोकर कातरायची कातर त्याला चिकटली, तुझी आई हसून दमली. सकाळी चार्जिंग झकास. दुपारी उन्हात मात्र हातात धरवंना, अन् बंद पडलं. झाडाखाली आणल्यावर सुरू. चार दिवस तेच झालं. तुझं मन मोडायला लिहीत नाय, पण मस्कतला सावली किती, हे इचारलंस का? दुपारी पडल्या पडल्या मनात येतं, मेंढरं घेऊन निघालो तर मस्कत किती मुक्कामांवर पडंल? मधी समुद्र हाय म्हणतात. त्याच्या काठाला गवत उगवतं का?

जिवाला जप. कागद धाडत जा.
मुंजाबा

पुंडलिकनगर
२ जून

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा खोकी बांधून तयार होती. माझी भागीदार दीपमाला म्हणाली, आपणहून कशाला सांगायचं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मग व्यापाऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं मागणी रद्द केली.

आम्ही आतला उष्णता बाहेर टाकणारा पत्रा बदलला, काळं कवच पांढरं केलं. मे महिनाभर गच्चीवर भर दुपारी तपासलं. आता बंद पडत नाही. त्याला कळवलं. काल त्यानं पन्नास नग मागवले, आज ते निघाले.

मालासोबत जाणाऱ्या चाचणीच्या कागदावर, उन्हातली पहिली चाचणी कोणी केली, असा रकाना होता. तिथं तुमचं नाव लिहिलं. हुद्दा काय लिहायचा, दीपमालानं विचारलं. मी मेंढपाळ लिहिलं.

तुमचा हात डोक्यावर असाच राहावा.
सुकेशनी